देवाच्या चालीचं इंजिन

छबूबाई पडवळ आमच्या गॅरेजवर पहिल्यांदा आल्या त्या टोइंगच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, आणि उतरल्या त्या त्याच्याशी भांडतच. "माझ्या गाडीला आसं आवळून बांधलंय, जशी काय ती पळूनच जाणार हाय," त्या म्हणाल्या. "पळती आसती तर तुज्या ट्रकात कशाला बसले आसते?"

ट्रकवर ताडपत्रीखाली एक लाल गाडी होती. जुनी विलायती एमजी. आता शोरूममध्ये दिसतात त्या उंच एमजी नव्हेत. ही बुटकी, दोन माणसांची, वर टप नाही आणि नाक हे एवढं लांब. माझा नवरा गणराज हात पुसत बाहेर आला, ताडपत्री सरकली आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की आमच्या लग्नात मला पाहूनही तो तसा उजळला नव्हता. ही गाडी मला आवडणार नाही हे मी तिथेच ठरवून टाकलं.

आमचं गॅरेज भोसरीत, दिघीच्या रस्त्याला. आम्ही दोघंही मूळचे लातूरकडचे. गणराज गाड्या दुरुस्त करतो. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधते, आणि गुरुवारी सुट्टी असली की गॅरेजच्या काउंटरवर बसते. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम माझं, असं गणराज म्हणतो. माझा स्वभाव माहीत असून म्हणतो, यावरून त्याचं गिऱ्हाइकांविषयीचं मत कळतं.

त्याने बॉनेट उचललं, आत पाहिलं, खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. त्या देखण्या गाडीच्या पोटात टेम्पोचं डिझेल इंजिन होतं.

"आमच्या मालकांनी बसिवलं," छबूबाई म्हणाल्या. "मूळचं जाम झालं व्हतं. ह्ये चालू केलं की शेजारणीच्या मांडणीवरची भांडी खाली यायची. आता ह्येबी बंद पडलंय."

मालक म्हणजे त्यांचे यजमान सोपानराव. निघोज्याच्या पलीकडे त्यांची कुरणवाडी. तिथली जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा सगळ्या भाऊबंदांनी बंगले बांधले आणि सोपानरावांनी ही गाडी आणली. छबूबाई तेव्हापासून तिला सवत म्हणायच्या. मागच्या वर्षी सोपानराव गेले आणि गोठ्यात उभी राहिलेली ही सवत कोंबड्यांच्या ताब्यात गेली.

"मला ही चैतातल्या जत्रंला चालती पायजे," छबूबाई म्हणाल्या. "भैरोबा बसणार हाय हिच्यात."

गणराजने माझ्याकडे पाहिलं. मी छबूबाईंना चहा मागवला आणि त्यांनी सगळं सांगितलं. भैरोबाचं देऊळ वाडीत, पण मूळ ठाणं वरच्या टेकडीवर. जत्रेच्या दिवशी देवाचा मुखवटा गाड्यात बसून टेकडीवर जातो, आणि त्या गाड्याचा मान छबूबाईंच्या घराचा. सासरा, आजेसासरा, त्याच्याही आधीपासून. गाडा घरचा, बैल घरचे, हाकणारा माणूसही घरचा. अट एकच. वेशीतून निघालेला देव टेकडीवर जाऊनच थांबायचा. वाटेत गाडा थांबला तर मान पुढच्या घराकडे जातो. पुढचं घर म्हणजे सोपानरावांचा पुतण्या पिंटू.

"बैल तर ह्यांच्या आजारपणातच गेले," छबूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचे बैल देवाला चालत न्हाईत. घरात चाकावर हालंल आशी येवढी एकच वस्तू उरलीया."

"मग एखादा छोटा टेम्पो घेऊन टाका ना, मावशी," मी म्हणाले.

"टेम्पोत कांदे जात्यात," त्या म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवायला टॉर्क वाढला जाऊ लागला. भाकरी मोडता मोडता गणराज इंजिनांविषयी बोलायचा. मूळच्या जातीचं इंजिन परदेशातून मागवलं तर ते येईपर्यंत जत्रा होऊन जाणार होती. डिझेलचं ते धूड त्याला त्या गाडीचा अपमान वाटत होतं. शेवटी चिखलीच्या एका भंगारवाल्याकडे त्याला हवं ते सापडलं. मागून चेपलेली एक भली मोठी जीप, पण पुढचं टर्बो पेट्रोल इंजिन अगदी धडधाकट.

"ही गाडी कशासाठी जन्माला आली ते आता हिला कळेल," तो म्हणाला.

इंजिन काही त्या नाकात मावेना. त्याने पाठीमागचा पत्रा कापला, इंजिन टेकवायच्या बैठका नव्या जोडल्या, तरी पुढे जागा उरेना, म्हणून रेडिएटर लहान घातला. काम करताना तो गाणं म्हणायचा. त्याचा आवाज मला माहीत आहे, त्यामुळे मी त्या काळात काउंटरवरून फारशी आत गेले नाही.

गाडी चालवायची ती मोनिकाने, असं ठरलं होतं. मोनिका ही छबूबाईंची एकुलती एक मुलगी, राजगुरुनगरला शाळेत शिकवते. सोपानरावांनी तिला ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं होतं. एका गुरुवारी एमआयडीसीतले रस्ते मोकळे असताना तिने आणि गणराजने गाडी बाहेर काढली. परत आले तेव्हा दोघांचेही केस उभे होते आणि गणराजच्या डोळ्यांत पाणी. वाऱ्याने आलं, असं तो सांगतो. बाबांनी हे बघायला हवं होतं, असं मोनिका म्हणाली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मलाही भरून आलं. गाडीविषयीचं माझं मत त्या दिवशी थोडं सैल झालं, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

मग आम्ही रंगीत तालमीसाठी कुरणवाडीला गेलो. वेशीपाशी गाडी उभी केली. छबूबाई पदर खोचून गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आता देवाच्या चालीनं चल," त्या मोनिकाला म्हणाल्या.

"म्हणजे किती?" गणराजने विचारलं.

"म्हंजी माझ्या मागं."

आणि त्या चालायला लागल्या. कुठलीही घाई नाही. एक पाऊल, मग जरा दम, मग दुसरं. पुढे ढोल, लेझीम, मधेच कुणी नारळ आणणार, कुणी गुलाल लावणार, कुणी लेकरू पायाशी घालणार, म्हणजे ह्यापेक्षाही हळू. गणराजने देवासाठी एवढी गाडी सजवली आणि देव किती वेगाने जातो हे काही त्याने विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. पण मी मेकॅनिक नाही.

मोनिका अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहिली. टेकडीचा चढ लागला तसा जळका वास यायला लागला. मग त्या लांब नाकाच्या फटींतून वाफ निघाली. काटा लाल रेघेच्या वर जाऊन बसला, गाडीने दोन आचके दिले आणि ऐन चढावर बंद पडली. गणराज पाण्याचा कॅन घेऊन धावला. छबूबाई मात्र दहा-बारा पावलं तशाच पुढे चालत गेल्या, कारण मागे गाडी नाही हे त्यांना कळलंच नव्हतं.

पिंटू त्याच्या बुलेटवरून पाठोपाठ आला होता. पिंटूला मी आधी पाहिलं नव्हतं. चाळिशीचा, गळ्यात जाड साखळी, पण चेहरा काही वाईट नाही. "काकी," तो म्हणाला, "देव काय एक्सप्रेस हायवेनं जाणार हाय व्हय?" त्याच्याबरोबर आलेली गावातली पोरं हसली. मग तो बुलेटवरून उतरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "राग मानू नगा. पण मोनिकाताईला दिली राजगुरुनगरला. तिचं घर आता तिकडं. गाडा घरच्यानंच हाकायचा ना? आन मान माझ्याकडं आला तर काय गावाबाहेर चाललाय का? पडवळांतच ऱ्हातोय की."

देवळाचा गुरव तिथेच होता. तो म्हातारा कुणाच्या बाजूने बोलणारा नव्हता. त्याने मान हलवली. मोनिकाचं तेवढं खरं आहे, तो म्हणाला, रीत तशीच आहे. मोनिका चावी हातात घेऊन उभी राहिली. स्वतःच्या बापाच्या गाडीतून तिला उतरवलं होतं, आणि उतरवणारा माणूस वाईटही वागत नव्हता. असल्या वेळी मला जो राग येतो तो कुठे ठेवायचा हे मला अजून कळलेलं नाही.

घरी गेल्यावर छबूबाईंनी चुलीवर चहा टाकला. गॅस होता, पण त्यांना काहीतरी फुंकायला हवं होतं बहुतेक. मी शेजारी बसले.

"मावशी, एवढं मनाला लावून घेऊ नका," मी म्हणाले. "मान म्हणजे शेवटी..."

"मान म्हंजी काय ते मला सांगू नगं, पोरी," त्या म्हणाल्या. चिडल्या नव्हत्या. "हे गेल्यापासनं लग्नाच्या पत्रिका माझ्या घरी येत न्हाईत. पिंटूकडं देत्यात, त्यातच सगळे आले म्हणून. गणपतीच्या वर्गणीला पोरं येत्यात, मी दारात उभी आसते, तरी पुढं निघून जात्यात. बंद घर म्हणत्यात. मी आत जेवते, झोपते, दिवा लावते, आन घर बंद! येवढा एक गाडा हाय. तो गेला की मी हाय का न्हाई, ह्ये इचारायलाबी कुणी फिरकायचं न्हाई."

मला रडू आलं आणि मी ते धुरावर ढकललं. गणराज बाहेर ओसरीवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं असणार, कारण त्याचा चहा तसाच गार झाला होता.

पुढे काय करायचं ते मला चाकणच्या तळेगाव चौकात सुचलं. त्या चौकाविषयी बाहेरच्यांना काय सांगावं? आमची कंपनीची बस तिथे रोज अडकते. त्या दिवशी ऊन रणरणत होतं, गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. रस्त्याकडेला दोन मोठ्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या आणि त्यांचे मालक वाफेकडे बघत घाम पुसत होते. आमच्या खिडकीखाली एक इलेक्ट्रिक मालवाहू रिक्षा होती, पाण्याच्या जारांनी गच्च भरलेली. ती सरकायची, थबकायची, परत सरकायची. आवाज नाही, धूर नाही, तक्रार नाही. चालवणारा निवांत शेंगदाणे खात होता.

"दादा, गरम नाही का होत हिची मोटर?" मी खिडकीतून विचारलं.

"चाक फिरलं तर फिरते, न्हाई तर गप बसते," तो म्हणाला. "हिला काय घाई न्हाई, ताई. घाई मालकाला."

मी त्या रिक्षाकडे पाहत राहिले. अगदी छबूबाईंसारखीच चालत होती.

संध्याकाळी मी गणराजला सांगितलं आणि घरात जे व्हायचं ते झालं. "स्पोर्ट्स कारमध्ये रिक्षाची मोटर?" तो ओरडला. चिडला की त्याच्या तोंडात लातूर येतं. "काय बोलायलीस तू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"आधी टेम्पोचं इंजिन होतं तेव्हा नाही का लाजली ती गाडी?"

"ते दुसऱ्यानं केलेलं पाप हाय. हे मी करू?"

तो ताटावरून उठला नाही, कारण मटण होतं, पण माझ्याशी बोलणं बंद केलं. मी त्याला जेवू दिलं. मग विचारलं, "मला एवढंच सांगा, छबूबाईंना तुमच्या त्या टर्बोचा क्लच दाबता येईल का?"

"छबूबाई? त्या कशाला दाबतील?"

"मोनिकाला चालवू देणार नाहीत. घरचं माणूस तेवढं एकच उरलंय."

गणराज हात धुवायला उठला आणि मोरीपाशी बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिला. आला तेव्हा म्हणाला, "रिक्षात क्लच नसतो. गिअरबी नसतो." मग टॉवेलला तोंड पुसून म्हणाला, "मोशीच्या रोहिदासकडं एक आडवी झालेली रिक्षा पडली हाय. मोटर, बॅटऱ्या चांगल्या हायत."

एवढ्यासाठी मी त्या माणसाशी संसार करते.

रोहिदास इलेक्ट्रिक रिक्षांचंच काम करतो. त्याने आणि गणराजने टर्बो उतरवला, मोटर मागच्या आसाला जोडली आणि बॅटऱ्या त्या लांब नाकात ओळीने बसवल्या. वायरिंगच्या जुड्या मी बांधल्या. ते माझ्या रोजच्या कामातलं असल्याने कुणाला बोलायला जागा ठेवली नाही. पहिल्या दिवशी गणराज गाणं म्हणत नव्हता. नंतर गुणगुणायला लागला. मोठ्या रस्त्यावर काढायची तर आरटीओची परवानगी लागते, ती जत्रेनंतर बघू, तोवर गाडी ट्रकवर घालून वाडीला न्यायची, टेकडीची वाट गावचीच, असं त्याने ठरवलं. शेवटी त्याने गाडीचा वेग चालत्या माणसाच्या वेगाला बांधून टाकला. ज्या हाताने तिला उडवायला निघाला होता त्याच हाताने. ते करताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

छबूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात कानांना लावले. "मी? ह्या सवतीवर बसू? मला सायकलबी येत न्हाई गं बया."

"बैल तर हाकलेत ना?"

"माहेरी हाकलेत. चांगले हाकलेत. हितं आल्यावर कासरा कुणी हातात दिलाच न्हाई." आणि त्यांनी पदर खोचला. तोच होकार होता.

कापणी झालेल्या वावरात मोनिकाने त्यांना शिकवायला घेतलं. "आई, हा चल आणि हा थांब. बास, दोनच." छबूबाईंनी चपला काढून ठेवल्या, पायाला कळलं पाहिजे म्हणून. गाडी मुकाट्याने निघाली. कडब्याची गंजी जवळ आली तशा त्या ओरडल्या, "हो, हो, हो! थांब की रं!" पाय मात्र चलवरच. गाडी गंजीत शिरली आणि दोघी मायलेकी कडब्याखाली गेल्या. गणराज धावत गेला तर आतून हसण्याचा आवाज. छबूबाई इतक्या हसत होत्या की त्यांना बाहेर काढता येईना. "ह्याला कान न्हाईत, पायच हायत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. त्यानंतर मोनिका शाळा सुटली की रोज यायची आणि अंधार पडेपर्यंत दोघी वावरात गोल गोल फिरायच्या.

जत्रेच्या दिवशी वेशीत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी केली होती. छबूबाई हिरवं लुगडं नेसून स्टिअरिंगमागे बसल्या तेव्हा एकदम कुजबुज उठली. कुणीतरी म्हातारा म्हणाला, बाईनं गाडा हाकल्याचं कधी ऐकलं नाही.

"हाकू नये आसं कुणी सांगितलंय?" गुरव म्हणाला. "आजवर हाकला न्हाई, येवढंच." त्याने पिंटूकडे पाहिलं. "गाडी घरची. माणूस घरचं. तुझं काय म्हणणं?"

पिंटूने काकीकडे पाहिलं. त्याला हे अपेक्षित नव्हतं. "माझं काय," तो म्हणाला. "थांबली न्हाई म्हंजी झालं." आणि पुढे डीजेच्या ट्रॅक्टरकडे निघून गेला.

देवाचा मुखवटा डाव्या सीटवर बसवला. लोक इंजिन सुरू व्हायची वाट बघत होते. काहीच आवाज झाला नाही. एक-दोन जण हसायला लागले, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की गाडी कधीच निघाली आहे. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर झाला.

गणराज एका बाजूने चालत होता, मी दुसऱ्या. मोनिका मागे. लोक नारळ दाखवत होते, गुलाल उधळत होते, बायका वाकून देवाला आणि मग, जरा थबकून, छबूबाईंनाही नमस्कार करत होत्या. त्यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. दोन्ही हातांनी चाक धरलेलं, नजर समोर. चढ लागला. मी गाडीच्या नाकावर हात ठेवून पाहिला. उन्हाने तापलं होतं तेवढंच.

टेकडीच्या वळणावर वाट अरुंद होते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार. तिथे डीजेचा ट्रॅक्टर पुढे निघून गेला आणि पिंटू आणि त्याची पोरं मधोमध नाचत राहिली. वाट पूर्ण अडली. त्यांनी मुद्दाम केलं असं मी आजही म्हणते. नाच चढला की माणसाला मागचं दिसत नाही, असं गणराज म्हणतो. ह्यावर आमचं कधी एकमत होईलसं वाटत नाही.

"बाजूला व्हा!" मी ओरडले. डीजेपुढे माझा आवाज मलाच आला नाही. गणराज पुढे पळाला, पण गर्दीत अडकला. पाठमोरा पिंटू हात वर करून नाचतोय आणि गाडी त्याच्याकडे सरकतेय. आवाज असता तर तो वळला असता. पण ह्या गाडीला आता आवाजच नव्हता. थांबवावं तर मान गेला, न थांबवावं तर माणूस चाकाखाली येतो. छबूबाईंचा पाय मला दिसत होता. त्यांनी तो उचलला नाही. इतका हलका केला की चाकं फिरतात की नाही हे कळेना. मी खाली वाकून पाहिलं. टायरला चिकटलेली झेंडूची एक पाकळी हळूहळू वर येत होती. फिरत होती चाकं.

गाडीचं नाक पिंटूच्या गुडघ्यामागे अलगद टेकलं आणि तो मटकन बॉनेटवर बसला.

एवढा मोठा माणूस, गळ्यात साखळी, गाडीच्या नाकावर बसलेला. त्याने दचकून मान वळवली तर समोर देव आणि काकी. गाडी त्याला घेऊन तशीच चढत राहिली. पोरं आपोआप बाजूला झाली. पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही, पण मग सगळी टेकडी हसली आणि त्या हसण्यातूनच चांगभलंचा गजर उठला. वळण संपल्यावर पिंटू घसरून खाली उतरला. गाडीच्या पुढे गेला, आणि दोन्ही हात पसरून लोकांना बाजूला सारत वाट करायला लागला. डीजे त्याने स्वतःच बंद करायला लावला. पुढची वाट नुसत्या ढोलावर झाली.

ठाण्यापाशी, शेवटच्या उतरत्या दगडी फरशीवर छबूबाईंनी ब्रेक दाबला. गुरवाने मुखवटा उचलला, डोक्याला लावला आणि ठाण्याच्या पायरीवर उभा राहून मोठ्याने विचारलं, "देव कुणाच्या गाड्यातून आला?"

मोनिका माझ्या कानात म्हणाली की ह्याचं उत्तर भाऊबंदांतल्या मोठ्या पुरुषाने द्यायचं असतं. आजवर एकच उत्तर होतं, तिच्या बापाचं नाव. आता तो मोठा पुरुष म्हणजे पिंटू. त्याने नाव घेतलं तर मान ह्या घराचा. गप्प राहिला तर त्याच्याऐवजी बोलणारं दुसरं कुणीच नाही.

पिंटू गप्प होता. गुलालाने लाल झालेला, घामाने निथळणारा. मी गणराजचा हात इतका घट्ट धरला की नंतर त्यावर माझी नखं उमटलेली दिसली.

"नाव घे," गुरव म्हणाला.

"काकीच्या," पिंटू म्हणाला. मग घसा खाकरून, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "छबूबाई सोपान पडवळ यांच्या गाड्यातून!"

मी रडले. सरळ रडले, ह्या वेळी धूर नव्हता. छबूबाई रडल्या नाहीत. त्या चाक धरून तशाच बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले, पाय लांब केलेला. पिंटू गर्दीतून वाट काढत गाडीपाशी आला. त्यांच्या पायांशी वाकायला म्हणून त्याने दाराला हात घातला.

"पायाला हात लावू नगं रं," छबूबाई म्हणाल्या. "ब्रेकवर हाय."

पिंटूने इकडेतिकडे पाहिलं. एक मोठा दगड उचलला, मागच्या चाकाला लावला, हलवून खात्री करून घेतली. मग दार उघडलं, आणि गाडी एवढी बुटकी की त्याला फरशीवर गुडघेच टेकावे लागले.